होडी ओढू नकोस

नाशिक

प्रिय दोस्ता,

तुझ्या शिडाच्या कयाक होडीचे फोटो पाहून जीव कळवळला. वाळूवरून ओढून ओढून मागच्या टोकाखाली तळाचा कणा पार झिजलाय. असंच चाललं तर भोक पडेल.

तू म्हणतोस, वाळू तर मऊ असते. पायाला लागते रे मऊ! पण तिच्यात गारगोटीचे कण असतात, शिंपल्यांचा चुरा असतो. गारगोटी लोखंडाहून कठीण, आणि तुझी होडी पॉलिएथिलीन प्लास्टिकची. नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून ओढलीस की होडीच्या ऐंशी किलोंतला बराच भार मागच्या बोटभर पट्टीवर येतो. झीज नेमकी तिथंच आहे, बघ.

आमच्याकडे गंगापूर धरणाच्या काठाला मुरूम आणि काळ्या दगडाच्या कपच्या, म्हणून होडी जमिनीला लागूच द्यायची नाही हे अंगवळणी पडलंय. आपल्या चांदवडचा दत्तू भोकनळ २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये नाव वल्हवायला उतरला, तसली शर्यतीची नाव १४ किलोंच्या आसपास असते, एकटा माणूस खांद्यावर नेतो. तुझी नाही उचलणार कुणी. मग ती पाण्याकडूनच उचलून घ्यायची.

भरतीला ये, म्हणजे कोरडी वाळू कमी तुडवावी लागेल. किनारा जवळ आला की शीड गुंडाळ, सुकाणू आणि मधली फळी वर घे. गुडघाभर पाण्यात उतरायचं ते समुद्राच्या बाजूला; किनाऱ्याच्या बाजूला राहिलास तर लाट होडी थेट नडगीवर आणते. सामान आधी काढ. मग होडी तरंगत असतानाच होडी वाहायचा दोन चाकांचा गाडा खाली घाल. फुगीर चाकं बुडायला तयार नसतात, म्हणून गाडा तिरका धर, एक चाक पायाने दाब, होडी वर येऊ दे आणि पट्टा आवळ. चाकं रुंदच हवीत, हवा कमी; बारीक चाक वाळूत रुततं. तळाच्या पाणी निघायच्या भोकांत खुंट घालायचा गाडा मात्र घेऊ नकोस, इतक्या वजनाने भोकांच्या कडा तडकतात.

गाडा येईपर्यंत कोळी लोकांसारखे ओंडके घाल. पण ओढू नकोस, हात जोडतो.

झिजलेल्या जागी एपॉक्सी गोंद लावायच्या भानगडीत पडू नकोस, या प्लास्टिकला ते धरत नाही. त्याच प्लास्टिकची सळई वितळवून भरावी लागते. दिवाळीनंतर कसारा घाट उतरून येतो, सळई आणि गरम हवेची गन घेऊन. तोवर होडी सावलीत उलटी ठेव. उन्हाने तळ मऊ होऊन पोचे पडतात.

तुझाच,
नाशिककर