ट्यूनर ॲप आणि तंबोऱ्यातला गंधार

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गाण्याच्या क्लासमध्ये मुलांचा सूर मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने तपासायची पद्धत हल्ली पडत चाललीय, त्याबद्दल लिहितेय, कारण यात चांगल्या कानाच्या मुलांचं नुकसान होतंय. ॲप खोटं मोजत नाही, पण बहुतेक ॲपमध्ये माप कीबोर्डचं असतं, म्हणजे सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग, प्रत्येक भाग १०० सेंटचा. आपल्याकडे गळा तयार होतो तंबोऱ्यावर आणि तंबोऱ्याचं गणित निराळं आहे.

समजा खर्जाची तार १२० हर्ट्झला लावलीय. तिच्यातून नुसते १२० निघत नाहीत, सोबत २४०, ३६०, ४८०, ६०० असे पटीतले सूर, म्हणजे उपस्वर, एकाच वेळी निघत असतात. २४० हा मधला सा, ३६० पंचम, ४८० तार सा आणि ६०० तार गंधार, हाच तो स्वयंभू गंधार, जो तंबोरा सुरेख लागला आणि जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झंकार) खुलली की आपोआप घुमायला लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना हे दाखवलं होतं, की तार ज्या जागी छेडली तर नियमाप्रमाणे एखादा उपस्वर निघायलाच नको, तिथे छेडूनही तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो, आणि ही करामत तार जिच्यावर टेकते त्या पसरट घोडीची आणि तारेखालच्या दोऱ्याची.

आता ६०० चे निम्मे ३००, हा झाला मधल्या सप्तकातला गंधार. त्याच सा वरून कीबोर्डचा गंधार येतो ३०२.४ वर. एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटेल, पण ३०२.४ वर गायलं की गळ्यातला दुप्पट सूर ६०४.८ होतो आणि तंबोऱ्यातल्या ६०० शी भांडतो, आवाज कमीजास्त होत सेकंदाला जवळपास पाच हेलकावे येतात. ३०० वर गळा गेला की हेलकावे थांबतात, गळा आणि तंबोरा एक होतात. हे घरी कुणीही करून बघावं, फक्त तंबोरा मन लावून लावायला हवा.

माझ्या भाचीला तिच्या क्लासमध्ये भूप रागातला गंधार "चौदा सेंट उतरलाय" म्हणून परत परत वर घ्यायला लावला. तंबोऱ्याचा गंधार ३८६ सेंटवर असतो, ॲपला ४०० हवेत, म्हणजे पोरगी बरोब्बर लावत होती. रे आणि प ला हिरवा दिवा, कारण तिथे दोन्ही मापांत फरक फक्त ४ आणि २ सेंटचा, पण ग आणि यमनातला नी मात्र कायम लाल. आता ती तंबोरा ऐकायचं सोडून स्क्रीनकडे बघून गाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मग ॲपमध्ये उपस्वरांचं माप घातलं की झालं का, तर तेवढ्यानेही पुरतं भागत नाही. मूळ सूर पहिला धरून आठव्या उपस्वरापासून सोळाव्यापर्यंत मोजलं तर सा, रे, ग, प, नी छान मिळतात, पण अकरावा पडतो शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्येच कुठेतरी, तेरावा दोन्ही धैवतांच्या मध्ये आणि चौदावा आपल्या कोमल निषादापेक्षा बराच खाली. शुद्ध मध्यम तर सा च्या उपस्वरांत सापडतच नाही, तो उलटा हिशोब करून, म्हणजे ज्याचा पंचम सा आहे असा सूर म्हणून मिळतो. आणि दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे झुलवत घ्यायचा गंधार कुठल्या एका आकड्यावर बसवणार? तरीसुद्धा सा, ग, प, नी स्थिर करण्यापुरतं हे माप कीबोर्डच्या मापापेक्षा कितीतरी जवळचं आहे.

आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं, शेजारच्या मिरजेत आजही तंबोरे बनतात, आणि त्याच भागातली मुलं कीबोर्डच्या मापाने नापास व्हावीत हे मला पटत नाही. पेटीशी माझं भांडण नाही, साथीला ती हवीच.

क्लासवाल्यांना आणि स्पर्धा घेणाऱ्यांना एवढीच विनंती, की गुण देताना कीबोर्डच्या मापाचा ट्यूनर बंद ठेवा, किंवा ॲपमध्ये नैसर्गिक स्वरांतरांची, म्हणजे उपस्वरांच्या मापाची, सोय असेल तर सा आधी पक्का करून ती लावा, आणि रियाजाला तंबोरा, निदान इलेक्ट्रॉनिक तरी, नीट लावून मुलांच्या जवळ ठेवा. आपल्या रविवारच्या पुरवणीत एखाद्या जाणकार गायकाकडून किंवा मिरजेच्या कारागिराकडून जवारी आणि स्वयंभू स्वरांवर लिहून घेतलंत तर पालकांनाही हे कळेल.

आपली,
एक वाचक, सांगली