इंजिन उचलायच्या आधी

कुर्डुवाडी,
12 जानेवारी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू एकच विचारलंस, "ते जुनं इंजिन वाफेवर चालणार का?" आजूबाजूला पोरं होती, म्हणून मी विषय टाळला. आता सविस्तर लिहितो.

इंजिन आपल्या बार्शी लाइटचं, म्हणजे बार्शीच्या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं. मधे आठ जोडलेली चाकं, पुढे-मागे दोन-दोन. इतकी वर्षं एका बागेत उघड्यावर उभं होतं. काही हौशी मंडळींनी परवानग्या मिळवून ते पुण्याकडच्या एका शेडमध्ये न्यायचं ठरवलंय. बहुतेक पोरं कॉम्प्युटरवाली. वाफेवरचं इंजिन कामावर असताना एकानंही पाहिलेलं नाही, पण वाचून वाचून इतकं पाठ केलंय की कधीकधी माझीच परीक्षा होते.

पहिल्याच दिवशी हायड्रा क्रेनवाला येऊन म्हणाला, बॉयलरला पट्टा घालतो, अर्ध्या तासात काम. मी म्हटलं, आधी चहा घे. बॉयलर पुढे स्मोकबॉक्सपाशी, चिमणीखालच्या धुराच्या पेटीपाशी, बोल्टांनी आवळलेला आणि मागे फायरबॉक्सकडे, जिथे कोळसा जळतो तिकडे, तापून लांबायला मोकळा ठेवलेला, हे त्याला कुठून माहीत असणार? पट्टा तिथे घातला असता तर सगळा भार नको तिथे आला असता. उचलायचं ते फ्रेमवरूनच. पण आम्ही उचलणारच नाही आहोत. लोबेड ट्रेलरवर नॅरोगेजचे रूळ बांधायचे, मागे स्लीपरचा उतार रचायचा आणि चेनपुलीनं इंच इंच वर ओढायचं. टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, वेगळ्या ट्रेलरवर.

मग ट्रेलरवाल्यानं वजन विचारलं. कुणाकडे कागद नाही. पोरांनी लगेच कॅलथ्रॉपचा, म्हणजे ही लाइन उभारणाऱ्या इंग्रज इंजिनिअरचा, नियम काढला: कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर भार नको, मग इंजिन असो की मालाची वाघीण. 1897 साली बार्शी रोड (म्हणजे आपलं कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी सुरू झाली ती याच हिशोबावर, म्हणून तर दर यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचे हलके रूळ चालले. त्याआधी त्यानं इंग्लंडात लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून सगळं चालवून दाखवलं होतं. (पुढे हाच माणूस वैमानिकांसाठी पॅराशूट बनवत बसला, हे तुला माहीत होतं? मला पोरांनी सांगितलं. वारला 1927 साली, आपली लाइन मिरजेला पोचली त्याच वर्षी.) हिशोब सुरेख, पण नंतर रूळ जड झाले तशी इंजिनंही जड झाली. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून आम्ही जॅकला गेज लावलं आणि एकेक टोक उचलून भार मोजला. शेगडीचे बार आणि फायरबॉक्समधल्या कमानीच्या उरल्यासुरल्या विटा काढून टाकल्या. टेंडरच्या तळाशी गाळ आणि पिंपळाची मुळं होती, तीही गेली. चिमणी उतरवून ठेवली, वाटेत गावात विजेच्या तारा खाली लोंबतात.

आता खरी गंमत ऐक. इंजिन हलवायच्या आधी चाकं एकमेकांना जोडणारे साइड रॉड आणि पिस्टनकडून चाकाकडे येणारे कनेक्टिंग रॉड काढायचेच, हे तुला सांगायला नको. आसाचा एखादा एक्सल बॉक्स गंजून धरून बसला असेल तर रॉड वाकलाच, आणि गंजलेल्या सिलिंडरात पिस्टन ओढला तर आतून ओरखडे. पण पिना हलायला तयार नाहीत. एकानं गॅस कटर आणला, मी तो परत पाठवला. रॉडला गॅस लावू दिला असता तर आपले वर्कशॉपचे चार्जमन स्वर्गातून खाली उतरले असते. डिझेलमध्ये ऑइल मिसळून रोज सकाळ-संध्याकाळ सोडत राहिलो, वरून कॉटन वेस्ट गुंडाळलं. मधूनच तांब्याच्या हातोडीनं हलके ठोके. शेवटी डाव्या बाजूची पहिली पिन सुटली, तेव्हा पोरांनी जी आरोळी ठोकली ती ऐकून बागेतला वॉचमन धावत आला.

रॉड खाली घेऊन रंग खरवडला. किती थर असतील! दर उद्घाटनाला एक थर चढलेला, कधी काळा, कधी हिरवा, चाकांना चंदेरी. खाली नंबराचा छाप निघाला तो एका इंजिनाचा. उजव्या रॉडवर निघाला तो दुसऱ्याच इंजिनाचा. पोरं गार! नंबरप्लेट केव्हाच चोरीला गेलेल्या, शिट्टी आणि गेज ग्लासचं पितळही गेलेलं, त्यामुळे यांचा सगळा भरवसा रॉडवर होता. मी हसत बसलो. वर्कशॉपात पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला, आलेल्या इंजिनाला जो रॉड तयार असेल तो चढायचा, ते कोणाचं म्हणून कोण थांबणार? काही रॉड तर तूच चढवले असशील. आता फ्रेमच्या पुढच्या टोकाला बफर बीमच्या मागे छाप सापडतो का ते बघतोय. फ्रेम सांगेल तोच नंबर खरा, तोपर्यंत पाटी लावू नका म्हणून बजावलंय. फोटो काढायची त्यांची पद्धत मात्र मानली. प्रत्येक नटाला पत्र्याचा बिल्ला, वहीत नोंद आणि वर फोटो. आपल्या वेळी असं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती.

बॉयलरवरचा पत्रा काढताना मात्र मी पोरांना लांब उभं केलं. खाली पांढरं ॲस्बेस्टॉस. आपण ते उघड्या हातांनी कालवून थापायचो, दुपारी तिथेच डबा खायचो. आता त्या कामाची खास माणसं बोलावली, ती नखशिखांत झाकून आली. पाणी मारत मारत काढलं, पिशव्या सील केल्या. त्यांच्याकडे बघताना मला आपले सुताराबरोबर लॅगिंगवर, म्हणजे बॉयलरवर हा थर चढवायच्या कामावर, असलेले दोघं आठवले. दोघांचाही खोकला शेवटपर्यंत गेला नव्हता.

आता तुझा प्रश्न. स्मोकबॉक्सचा तळ चाळणी झालाय, पण तो नवा करता येतो. फायरबॉक्समध्ये शिरून स्टे, म्हणजे आतला-बाहेरचा पत्रा बांधून ठेवणारे बोल्ट, ठोकून पाहिले. काही खणखणीत, पण खालच्या ओळी बद्द वाजतात. मशीन लावून पत्र्याची जाडी मोजली तर तळाच्या कड्याजवळ जिथे राख आणि ओल साठते तिथे पत्रा फारच पातळ निघाला. पोरांचं म्हणणं, नवा बॉयलर बनवू, पैसे जमवू, धूर काढू. माझं मत वेगळं आहे. हा बॉयलर जसा आहे तसा साफ करून ठेवा आणि खालचा सगळा गाडा नीट जुळवून कॉम्प्रेस्ड एअरवर चाकं फिरवा. रॉडची चाल दिसली की लोकांना कळतं हे यंत्र काय होतं. धुराच्या नादात पैसे संपले आणि सुटे भाग पोत्यांत पडून राहिले की पुढे ते भंगारवाल्याकडेच जातात. यावरून आमची रोज जुंपते. तू कोणाच्या बाजूनं आहेस ते आल्यावर सांग, पण आधी मला बाजूला घेऊन सांग.

कारण यायचं तर तुला आहेच. क्रॉसहेडच्या, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या सरकत्या भागाच्या, पट्ट्यांचं व्हाइट मेटल (घर्षण सोसणारा मऊ धातू) पार गेलंय, ते ओतणारा हात इथे उरला नाही. व्हॉल्व सेट करायलाही ट्रॅमल (दोन टोकदार टोकांची मापाची सळई) धरून चाकावर खुणा करणारा माणूस हवा. मी बॉयलरवाला, त्यात मला पडायचं नाही. आणि तुझी ती मापांची वही, वहिनींनी रद्दीत घातली नसेल तर, सोबत आण. झेरॉक्स नको, तुझ्या पेन्सिलीच्या खुणा त्यात उठत नाहीत.

पुढच्या आठवड्यात ट्रेलर येईल. कल्याणहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालास तर पहाटे इथे उतरशील. मी स्कूटर घेऊन स्टेशनवर येतो. गुडघ्याचा पट्टा आण, शेडमध्ये खाली बसून काम आहे. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठल