बंधनऊर्जा ‘साठवलेली’ नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘केंद्रकात साठवलेली बंधनऊर्जा विखंडनात बाहेर पडते’ असे वाचले (विखंडन म्हणजे अणूचे जड केंद्रक फुटणे). बारावीला फिजिक्स शिकवताना हेच वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून त्यावर लाल खडूने फुली मारत असे. बंधनऊर्जा ही शिल्लक नव्हे, देणे आहे! प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र येताना ती निघून गेलेली असते. त्यांना सुटे करायचे तर तेवढी आपल्याला भरावी लागते. युरेनियम-२३५ मध्ये ती दर कणामागे सुमारे ७.६ एमईव्ही (केंद्रकातली ऊर्जा मोजण्याचे एकक), फुटलेल्या तुकड्यांत साधारण ८.५. बाहेर पडतो तो हा फरक. तो जेमतेम ०.९ चा, पण दोनशेहून जास्त कणांनी गुणला की २०० एमईव्हीच्या आसपास जातो. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ मध्ये वीज झाली ती यावरच.

‘मग हायड्रोजन जोडूनही ऊर्जा कशी, सर?’ हा प्रश्न यायचाच. फोडण्याची आणि जोडण्याची, दोन्ही वाटा लोखंड-निकेलकडे जातात. तिथली केंद्रके सर्वांत घट्ट, आणि घट्ट होताना ऊर्जा बाहेर पडते. ड्युटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांच्या एका संमीलनातून (जोडणीतून) १७.६ एमईव्हीच मिळतात खरे, पण कण फक्त पाच. दर कणामागे हिशेब करा, युरेनियम पार मागे पडते.

दुरुस्ती छापावी, ही विनंती. मुले पुरवणीतली कात्रणे वहीत चिकटवतात.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा