कॉकटेलच्या मेळाव्यात महुआच नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत बायपासजवळच्या एका हॉटेलात झालेल्या एक दिवसाच्या कॉकटेल मेळाव्याचे फोटो आले होते, रंगीत ग्लास, वर फुलं, धूर वगैरे, आणि खाली दोन ओळी की इंदूरच्या हौशी मंडळींनी गर्दी केली. त्या गर्दीत मी होते, सकाळी अकरापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत, भाचा आणि त्याची बायको बरोबर होते. फोटोत जे आलं नाही ते लिहावंसं वाटलं म्हणून हे पत्र. मोठं झालंय, जागेसाठी कापायचं तर सुरुवातीचं कापा पण महुआचं, म्हणजे मोहाच्या फुलांचं आणि त्यांच्या दारूचं, ठेवा ही विनंती.

आधी जे चांगलं होतं ते सांगते. हा मेळावा बारमधे काम करणाऱ्यांसाठी नव्हता, घरी करून बघणाऱ्यांसाठी होता, म्हणजे ज्यांच्या घरात एक फळी आहे, त्यावर चार बाटल्या आहेत आणि पाहुणे आले की काहीतरी नीट करून द्यावं असं वाटतं अशा लोकांसाठी. वयाचा पुरावा बघूनच आत सोडत होते, आपल्याकडे एकवीस पूर्ण लागतात ते त्यांनी कडक पाळलं, भाच्याच्या बायकोलासुद्धा आधार कार्ड काढायला लावलं. आणि शिकवणारे खरंच शिकवत होते. मी बावीस वर्षं दवाबाजारात औषधांच्या धंद्यात काढली, मिलिलीटर हा माझ्या हाताचा विषय, त्यामुळे पहिल्याच टेबलापाशी मी जी उभी राहिले ती तासभर हललेच नाही.

तिथे एक मुलगी डायकिरी करून दाखवत होती. साठ मिलि रम, बावीस लिंबाचा रस, बावीस साखरेचा पाक, बस्स इतकंच, क्यूबातलं ड्रिंक आहे हे. तिने स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा ठेवला होता. शेकरमधे घालायच्या आधी सगळ्याचं वजन केलं, मग बर्फ घालून बारा सेकंद मोजून हलवलं, स्टीलवर पांढरं दव धरलं इतकं की तिची बोटं चिकटत होती, गाळून परत वजन केलं तर जवळजवळ तीस ग्रॅम वाढलेलं. म्हणजे ते सगळं बर्फाचं पाणी. मग म्हणाली हे पाणी चुकून पडलेलं नाही, हा रेसिपीचाच भाग आहे, आणि मग तेच ड्रिंक अर्धवट विरघळलेल्या ओल्या बर्फावर केलं ते चाखायला दिलं, अगदी पांचट. घरी आपण नेमकं हेच करतो, बर्फाचा ट्रे आधीच काढून बाउलमधे ठेवतो आणि अर्ध्या तासाने वापरतो. लिंबू असेल तर हलवायचं, नुसत्या दारवा असतील तर चमच्याने ढवळायचं, वर्माउथ ही मुळात वाइन आहे त्यामुळे उघडली की फ्रिजमधे ठेवायची, ह्या गोष्टी कुणीतरी एकदा तोंडाने सांगाव्या लागतात, त्या तिने सांगितल्या.

तिनेच हेही सांगितलं की कॉकटेल म्हणजे काय ह्याचा छापील खुलासा पहिल्यांदा मे १८०६ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात आला, एका वाचकाने विचारलं म्हणून संपादकाने उत्तर दिलं: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क. पाणी त्यातही आहेच. आणि बिटर्सची ती छोटी बाटली, कागदी लेबल मोठं असलेली, ती १८२४ मधे व्हेनेझुएलात झिगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने पोटाचं औषध म्हणून केली होती. मला तर फार आनंद झाला ऐकून, हा धंदा शेवटी आमच्याच गल्लीतून निघालाय. पंच हा प्रकारही आपल्याकडचाच मानतात, दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला अशा पाच वस्तू म्हणून पंच.

तक्रार एक आधीच करून टाकते. प्यायचं साधं पाणी दुपारी दोनपर्यंत कुठेच नव्हतं, बाटली विकत घ्या म्हणत होते. हे चूक आहे. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या असतात, साठ मिलिच्या एका पेगमधे साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की इतकं प्यायलं तर चालतं अशी कुठलीच सुरक्षित मर्यादा नाही. मग निदान ज्याने तिकीट काढलं त्याला पाणी तरी फुकट द्या, प्रत्येक टेबलावर जग ठेवा. गाडी चालवायची तर रक्ताच्या शंभर मिलिमागे तीस मिलिग्रॅमची हद्द आहे, ती चाखत चाखत कधी ओलांडली जाते कळतही नाही. आम्ही तिघं कॅबने गेलो कॅबने आलो, पार्किंग मात्र संध्याकाळी भरलेलं बघितलं आणि पोटात गोळा आला.

आता मुद्द्याचं. दुपारी जेवणानंतर फेणीवर पाऊण तास बोलणं झालं. सुरेख बोलले ते गृहस्थ, काजूचं बोंड कसं तुडवतात, भट्टी कशी लावतात, २००९ मधे काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मधे गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. टकीलाचंही उदाहरण दिलं, मेक्सिकोने १९७४ मधेच ते नाव कायद्याने राखून ठेवलं. सगळे मान डोलवत होते. मी वाट बघत बसले की आता हे म्हणतील, आणि तुमच्या मध्यप्रदेशात. नाही म्हणाले. सभागृहात फिरून मोजलं, जिनचीच सात काउंटरं, आणि महुआची एक बाटलीही नाही, नाव नाही, फुलाचा फोटोसुद्धा नाही. इंदुरात बसून आपण गोव्याचा आणि मेक्सिकोचा वारसा ऐकला, आणि महुआचं आलिराजपूर इथून गाडीने चारपाच तासांवर आहे.

मी हे जरा कळवळून लिहितेय त्याला कारण आहे. वडील पाटबंधाऱ्यात होते, माझी चौथी ते सातवी आलिराजपूरकडे झाली. होळीच्या आसपास भगोरियाचे, म्हणजे आदिवासींचे जत्रेसारखे बाजार भरायचे आणि त्याच सुमाराला महुआ पडायला लागायचा. फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळून पडतं, झाडावरून तोडत नाहीत, खालून वेचतात, त्यासाठी आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करून ठेवतात. पहाटे आम्ही पोरं टोपली घेऊन भिलाला आदिवासींच्या बायकांच्या मागे जायचो. फूल द्राक्षाएवढं, पिवळट पांढरं, मऊ मांसल, दाबलं की बोटाला चिकट गोड रस लागतो, आणि वास असा की चार घरं सोडून कळावं. अंगणात पसरलं की चारपाच दिवसात मनुकेसारखं तांबूस होतं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून दारू होते, पण त्याची भाकरी होते, लाडू होतात, बियांचं तेल निघतं, वाईट साली घरं त्यावर निघायची. दारू हा त्यातला एक भाग आहे, आणि तीसुद्धा देवाला आधी चढते मग माणसाला.

ह्या दारूला चोरटी कुणी केलं हेही बघा. इंग्रजांनी १८७८ मधे मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला, आणि १८९२ मधे तर खास महुआच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला, फुलं गोळा करण्या-साठवण्यावरच बंधनं. फुलावर कायदा! कारण सरकारी परवान्याची दारू खपायला हवी होती. तेव्हापासून जी भट्टी चोरून लागायला लागली ती सवयीने आपल्याही डोक्यात चोरटीच राहिली.

आणि आता स्थिती बदललीये, हे तिथे कुणीच बोललं नाही. नोव्हेंबर २०२१ मधे राज्य सरकारने जाहीर केलं की महुआची दारू हेरिटेज मदिरा म्हणून रीतसर विकता येईल, आणि आदिवासी बचत गट ती करतील. आलिराजपूरच्या गटाची मोंड आणि डिंडोरीच्या गटाची मोहुलो ही नावं त्यातूनच आली. सीलबंद बाटली, लेबल, सगळं कायदेशीर. मी आयोजकांपैकी एकाला गाठून विचारलं की मोंडचं काउंटर का नाही, तर म्हणाले मॅडम देशी आहे ती, इव्हेंटचा लुक बिघडतो. फेणी काय विलायती आहे का? ती पण देशीच, फक्त गोव्याच्या लोकांना तिची लाज वाटत नाही.

शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले महुआने लोक मरतात. त्यांचं भय मी उडवून लावत नाही, जानेवारी २०२१ मधे मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने वीसच्या वर माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. पण औषधवाली म्हणून सांगते, अशा प्रसंगात जीव घेतं ते मिथाइल अल्कोहोल, आधी डोळे जातात मग माणूस, आणि ते तिथे बिनपरवाना भेसळवाल्यांमुळे येतं, त्यात त्या फुलाचा दोष नाही. म्हणूनच तर परवान्याची, सीलबंद, तपासलेली बाटली लोकांसमोर यायला हवी. मेळाव्यात एका मुलाने कुकरवर घरी गाळता येईल का असं विचारलं होतं, त्यालाही मी तेच सांगितलं, अजिबात नाही, गुन्हा आहे आणि जिवावरचा आहे, बाटली विकत आण आणि घरी फक्त मिसळ.

मिसळायचं म्हटलं तर मी घरी करून बघितलंय. मोंड पंचेचाळीस मिलि, लिंबाचा रस वीस, गुळाचा पाक वीस, नवीन कडक बर्फावर बारा सेकंद. ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून जीरावन मसाला लावायचा, आपला पोह्यावरचाच, त्याची आंबट-तिखट चव फुलाच्या वासाला फार छान धरते. उन्हाळ्यात गुळाऐवजी कैरीचं पन्हं घातलं तेही जमलं, फक्त पन्ह्यात वेलची कमी ठेवायची, नाहीतर दोन्ही वास एकमेकांवर चढतात. सासूबाईंना बिनदारूचं, तेच सगळं पण सोडा घालून दिलं, त्यांनी दुसरा ग्लास मागितला. म्हणजे वस्तू सगळ्या घरातल्याच आहेत, फक्त ती एक बाटली टेबलावर यायची राहिलीये.

आयोजक हे वाचत असतील तर पुढच्या वर्षी एक टेबल आलिराजपूरच्या बचत गटाला द्या, भाडं न घेता, आणि बोलायला फुलं वेचणाऱ्या बायकांनाच बोलवा, भिलालीत बोलतील, कुणीतरी शेजारी उभं राहून हिंदी-मराठीत सांगेल. त्या वजनकाटेवाल्या मुलीला त्या टेबलावर बसवा, तिच्या हातून महुआचं काय होतं ते मला बघायचंय.

आणि संपादक साहेब, आपल्याला विनंती अशी की कॉकटेलच्या फोटोंना अर्धं पान दिलंत तसं एक पान इकडेही द्या. फेब्रुवारी चालू आहे, महिन्याभरात फुलं पडायला लागतील. बातमीदार पाठवायचा असेल तर मुक्कामाला पाठवा, कारण वेचणं पहाटे चारला सुरू होतं आणि ऊन वर आलं की संपतं, इंदूरहून सकाळी निघालेल्या माणसाला नुसती रिकामी झाडं दिसतील.

आपली नियमित वाचक,
सुदामा नगर, इंदूर