किसननगरमधील आपल्या रिक्षाचालक बंधूच्या उपचारासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वस्तीत राहून वर्षानुवर्षे रिक्षा चालवणारे एक बंधू गंभीर आजारी आहेत. त्यांच्याच इच्छेवरून नाव देत नाही. पोट फुगलेले, पायांना इतकी सूज की चप्पल चढत नाही, हातांची मात्र हाडे दिसतात. हे पाहून काही जण 'दारूने लिव्हर गेले' असे बोलू लागले आहेत. त्यांनी कधीही दारूला हात लावलेला नाही. कृपया हे बोलणे थांबवा. घरच्यांना ते फार लागते.

आजाराचे नाव बड-कियारी सिंड्रोम. यकृतातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरा बंद होतात, रक्त मागे तुंबते, यकृत सुजते आणि पोटात पाणी साठते. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत हे उघड झाले. शीर थोड्याच भागात अरुंद असेल तर ती फुग्याने रुंद करून स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवतात. यांच्या तिन्ही मुख्य शिरा गुठळीने बंद आहेत, म्हणून डॉक्टरांनी 'टिप्स' नावाची प्रक्रिया सांगितली आहे. मानेच्या शिरेतून नळी यकृतापर्यंत नेतात, यकृतातूनच पोर्टल शिरेपर्यंत (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) वाट काढतात आणि ती उघडी राहावी म्हणून आवरण असलेला स्टेंट ठेवतात. पोट फाडावे लागत नाही. तुंबलेले रक्त वाहू लागले की पाणी ओसरते, आणि पुष्कळांचे यकृत प्रत्यारोपण टळते.

उपचार मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात होणार आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे कागदपत्रे दिली आहेत. तरी जी तूट राहील ती मंडळ भरेल. आमची खरी काळजी त्यापुढची आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा जन्मभर, त्यासाठी वारंवार आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) तपासणी, ठरावीक काळाने पुन्हा डॉप्लर. पैशांअभावी गोळी सुटली तर नवा स्टेंटही गुठळीने बंद पडू शकतो. इकडे रिक्षा उभी आहे आणि कर्जाचे हप्ते चालूच आहेत.

म्हणून एकरकमी देणगीइतकीच आम्हाला दरमहा शंभर-दोनशे रुपयांची, पण वर्षभर चालणारी मदत हवी आहे. पैसे फक्त मंडळाच्या बँक खात्यात किंवा कार्यालयात संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत द्यावेत आणि पावती घ्यावी. रुग्णालयाचे अंदाजपत्रक तिथे पाहायला मिळेल. व्हॉट्सॲपवर आलेल्या कोणाच्याही खासगी नंबरवर पैसे पाठवू नका.

आणखी एक. त्यांची रिक्षा पाळीने चालवायला बॅज असलेला, भरवशाचा चालक मिळाला तर घरात रोजचे चार पैसे येतील. असा कोणी ओळखीत असल्यास लगेच कळवा.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी, किसननगर, ठाणे