लातूरच्या गोलाईतल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

चहा सांडून बंद पडलेला लॅपटॉप तुम्ही दुरुस्त करून दिलात, तो मस्त चालू आहे. पोरगी आत्ता त्याच्यावरच टेस्ट सोडवतेय, म्हणून हे मोबाइलवर लिहितेय.

तुमच्याकडं यायच्या आधी आम्ही एसी लावलेल्या मोठ्या लॅपटॉप सर्व्हिस सेंटरात गेलो होतो. तिथल्या पोरानं एक स्क्रूसुद्धा न काढता सांगून टाकलं, ‘लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, बोर्डच बदला.’ वर नव्या लॅपटॉपचा भावही ऐकवला. मग शेजारणींनी तांदळाच्या डब्यात पुरायला लावला. पाणी काय, आपोआप सुकतं. मागं राहते ती साखर आणि दूध, ते तांदूळ कसे ओढून घेणार? तुम्ही बोलल्यावर डोक्यात उजेड पडला. आयपीए म्हणजे ते साफसफाईचं अल्कोहोल आणि दात घासायचा ब्रश घेऊन बोर्ड कसा साफ केलात ते लिहीत बसत नाही, मला त्यातलं अर्धंच कळलं.

मला बोलायचंय ते सासूबाईंबद्दल. चहा त्यांच्या हातून सांडला होता. घरात कुणी एक शब्द काढला नाही, पण न बोलणंही बोचतंच की! ताटावर बसल्या तरी मान वर करत नव्हत्या. दुकानात हट्टानं आल्या, पदराच्या गाठीत पैसे बांधून. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत, स्वतःचं स्टूल त्यांना दिलंत आणि भिंग त्यांच्या डोळ्याशी धरलंत. ‘माय, हे हिरवं दिसतंय का? हा गंज जुना आहे, कुलरची दमट हवा लागून चढलेला. आज ना उद्या हे बंद पडणारच होतं. तुमच्या चहाचं उगं नाव झालं.’

त्या रात्री त्यांनी दुसरी भाकर मागून घेतली.

करंट चालू असताना चहा सांडला तर असा गंज थोड्या दिवसांतही धरतो, हे मला नंतर समजलं. तुम्हाला तर तेव्हाच माहीत असणार. मी घरात कुणाला बोलले नाही.

हुशार माणसांना लातुरात तोटा नाही, क्लासेसचं गाव आहे हे. पण म्हातारीचं तोंड उतरलंय हे बघायला कुठल्या क्लासात शिकवतात? आणि पैसे माझे न घेता त्यांच्या गाठीतलेच घेतलेत, तेही फार बरं केलंत.

एक विनंती आहे. दुकानाला पाटी लावा हो. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या कुठल्या रस्त्याला वळायचं ते मैत्रिणींना सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस येतो.