स्पीकर बदलण्याआधी तो तपासून दाखवा

महोदय,

गाडीत नव्याने बसवलेल्या म्युझिक सिस्टीमचा एका दारातला आवाज खरखरू लागला किंवा मधूनमधून बंद पडू लागला, की अनेकदा काहीही न तपासता ‘स्पीकर गेला, नवीन टाकावा लागेल’ असे सांगून ग्राहकाची बोळवण केली जाते. दोष ग्राहकासमोर दाखवल्याशिवाय नव्या स्पीकरचे पैसे घेऊ नयेत, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या दाराबाबत हेच घडले. सिस्टीम बसवून देणाऱ्या दुकानाने पॅनेल न उघडताच स्पीकर निकामी ठरवला. लॅमिंग्टन रोडवरील एका कारागिराने मात्र आधी दार हळूहळू उघडबंद करून पाहिले आणि दार मिटताना आवाज तुटतो हे त्याच्या लगेच लक्षात आले. वायर रबरी नळीतून न घेता थेट बिजागरीजवळून ओढली होती. तिथे तिचे वेष्टन चिरडून तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या आणि त्या दाराच्या पत्र्याला टेकत होत्या. स्पीकर ठणठणीत होता. अशा शॉर्टमुळे स्टीरिओच्या आतला अ‍ॅम्प्लिफायरही जळू शकतो, म्हणजे नवा स्पीकर टाकून मूळ दोष तसाच राहिला असता आणि नुकसान मात्र वाढले असते.

स्पीकर तपासणे अवघड नाही. त्याच्या वायरी सोडवून मल्टिमीटर (विजेचा रोध ओहममध्ये मोजणारे यंत्र) लावला तर ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) तुटलेली असते, शून्याजवळ दाखवत असेल तर ती शॉर्ट झालेली असते. रीडिंग बरोबर येऊनही आवाज घासल्यासारखा येत असेल, तर स्पीकरचा कोन (पुढचा शंकूसारखा भाग) बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच दाबून पाहावा, कारण कॉइल चुंबकाला घासत असल्यास ते हाताला जाणवते. स्टीरिओच्या मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केल्यावर दोष दुसऱ्या दारात गेला तर तो स्टीरिओचा, त्याच दारात राहिला तर वायरचा किंवा स्पीकरचा. बास पोकळ वाटत असेल आणि स्टीरिओचा बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाचे प्रमाण) एका बाजूला नेल्यावर तो भरीव होत असेल, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले आहे. ते सुलटे करायला एक पैसाही खर्च करावा लागत नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी तर बहुधा अर्थिंगची चूक असते.

मुंबईच्या पावसात आणखी एक हलगर्जी महागात पडते. काचेच्या कडेने दारात पाणी उतरतेच आणि खालच्या छिद्रांतून निघून जाते. ते आतल्या बाजूला येऊ नये म्हणून पॅनेलमागे प्लॅस्टिकचा पडदा असतो. स्पीकर बसवताना हा पडदा फाडून तसाच सोडला जातो, त्यामुळे जोडण्या गंजतात आणि पुढच्या जूनमध्ये तोच ग्राहक नव्या तक्रारीसह दुकानात उभा राहतो.

सदोष जोडणी ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिची तक्रार करता येते. त्यासाठी हातात पक्के बिल हवे. त्या बिलावर स्पीकरचा ओहम, बसवण्याच्या कामाची हमी आणि बदलीचे कारण दुकानांनी लिहून द्यावे, तसेच काढलेला जुना स्पीकर ग्राहकाला परत करावा.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई